मानपत्र झाले, आता चित्रे ताब्यात घ्या : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या दैनिकाचे राजकीय व्यंगचित्रकार एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराला आपण अध्यक्ष म्हणून आला होतात. त्यांची मूळ चित्रे शासन ताब्यात घेईल आणि सहा महिन्यांत ती लोकांना पाहता येतील, असे आपण व्यासपीठावरून जाहीर केलेत. तिसऱ्या रांगेत बसून मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले होते. त्याला आता दीड वर्ष झाले. त्यानंतर मी आपल्या खात्याला चार अर्ज केले आणि मागच्या सोमवारी त्यांतल्या शेवटच्याला उत्तर आले. छापून आलेली चित्रे ही वृत्तपत्रीय सामग्री असून ती कलाकृतीच्या व्याख्येत बसत नाहीत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असे त्यात लिहिले आहे.

महोदय, हे उत्तर लिहिणाऱ्याने व्यंगचित्राचा मूळ कागद कधी हातात घेतलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो. मी बावीस वर्षे त्या दैनिकात उपसंपादक होतो आणि संपादकीय पानावर ते चित्र बसवण्याचे काम माझ्याकडे होते. रात्री नऊच्या सुमारास आमचे व्यंगचित्रकार कागद घेऊन यायचे, तेव्हा कित्येकदा शाई पुरती वाळलेलीही नसायची. आधीची जुळणी निळ्या पेन्सिलीने केलेली असे, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नाही. एखाद्या नेत्याची मान तीनदा वळवून पाहिल्याच्या खुणा त्या निळ्या रेघांत स्पष्ट दिसत. कुठे पांढऱ्या रंगाचा थर देऊन अख्खा हात पुसलेला असे आणि त्यावर पुन्हा ब्रश फिरवून तो नव्याने काढलेला असे. मजकुराची पट्टी चिकटवलेली असे आणि तिच्याखाली आधी लिहून खोडलेले, अधिक कडक वाक्य दडलेले असे. यातले काहीही छापलेल्या पानावर उमटत नाही. माणूस सत्तेविषयी विचार कसा करतो, कुठे थांबतो आणि कुठे धीर करून पुढे जातो, हे फक्त त्या मूळ कागदावर दिसते. ज्याला आपले खाते वृत्तपत्रीय सामग्री म्हणते, ती दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. मी बोलतो आहे ते मागे उरलेल्या कागदाविषयी.

आणि तोही उरला, कारण मी तो उरवला. कार्यालयाची जागा बदलली तेव्हा जुनी कपाटे रिकामी करण्याचे आदेश निघाले. मी दोन दिवसांची रजा काढून, हाताला लागतील तेवढे गठ्ठे घरी आणले. एकतीस वर्षांत त्यांनी नऊ हजारांहून अधिक चित्रे काढली असतील. माझ्याकडे २,१४० आहेत. बाकीची गेली. सात वर्षे ही चित्रे माझ्या घरातल्या एकुलत्या एक कोरड्या खोलीत आहेत. त्या खोलीत माझी आजारी आई झोपत असे. खोकी हलवावी लागू नयेत म्हणून तिची खाट दारापाशी सरकवावी लागली, आणि शेवटपर्यंत ती तिथेच राहिली. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. स्वस्त कागदातले आम्ल कागदालाच खाते, चिकटपट्टीचा डिंक पिवळा होऊन रेघेत उतरतो, पांढरा रंग खपल्या होऊन निघतो. दर रविवारी मी एक खोके उघडतो आणि दर रविवारी काहीतरी गेलेले असते. एका माणसाने हे किती वर्षे थोपवायचे?

हे जगात कुठेच जमलेले नाही, असे तर नाही. १९४६ पासून २००१ पर्यंत वॉशिंग्टन पोस्टसाठी चित्रे काढणाऱ्या हर्ब्लॉक यांची १४,००० हून अधिक मूळ चित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवली आहेत. ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठाने १९७३ पासून व्यंगचित्रांचा स्वतंत्र संग्रह उभारला आहे. तिथल्या सरकारांनाही या माणसांनी कमी बोचकारले नव्हते.

आपल्याकडची तऱ्हा मला अधिक लागते. व्यंगचित्रकार शंकर यांचे ‘शंकर्स वीकली’ हे साप्ताहिक १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात बंद झाले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या सन्मानाला ते सर्वस्वी पात्र होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की राज्यकर्त्यांना व्यंगचित्रकार नेमका कधी आवडू लागतो, ते कळते. तो ब्रश चालवत असतो तोवर संपादकांना फोन जातात, जाहिराती अडतात, नोटिसा येतात. हे सर्व मी त्या टेबलावर बसून पाहिले आहे. त्याने ब्रश खाली ठेवला की मानपत्र तयार असते. फ्रान्समध्ये राजाचे व्यंगचित्र काढल्याबद्दल ओनोरे दोमिए यांना १८३२ मध्ये तुरुंगात जावे लागले आणि १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. चित्रकार कोरो यांच्या मदतीने मिळालेल्या घरात त्यांचा शेवट झाला. म्हातारपणी त्यांच्या डोक्यावर छप्पर राहिले ते एका मित्रामुळे.

आमच्या व्यंगचित्रकारांची जागाही पुन्हा भरली गेली नाही. त्या चौकटीत आता जाहिरात असते. हे एका दैनिकापुरते नाही. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रे जुलै २०१९ पासून थांबवली. मॅक्लॅची या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाने जुलै २०२३ मध्ये पुलित्झर हा पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळवलेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी कामावरून काढले. म्हणजे आज जे निवृत्त होत आहेत, त्यांच्यामागे पुष्कळ ठिकाणी कोणीच येणार नाही, आणि म्हणून त्यांच्या हातचा कागद जपणे अधिक निकडीचे झाले आहे. मंत्री, खाती, मालक, संपादक, आम्ही उपसंपादकसुद्धा, या साऱ्या व्यवस्थेने त्या चौकटीतून वर्षानुवर्षे धैर्य उसने घेतले, आणि ते परत करण्याची वेळ आली तेव्हा व्याख्या पुढे केली.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. खात्याचे ते उत्तर मागे घ्यावे. राजकीय व्यंगचित्राचे मूळ रेखाटन ही कलाकृती आहे, असा लेखी आदेश काढावा. निवृत्त व्यंगचित्रकारांकडे आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे असलेली चित्रे आम्लरहित कागदात ठेवून त्यांची नोंद करणारा एक जाणकार माणूस नेमावा. आणि आपण स्वतः एकदा येऊन ही खोकी पाहावीत.

गेल्या महिन्यात आमच्या व्यंगचित्रकारांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी निरोप पाठवून आपले अगदी पहिल्या वर्षातले एक चित्र पाहायला मागितले. मी ते शोधून काढले, तर डाव्या कोपऱ्यातली सही बुरशीने खाल्लेली होती. ते चित्र मी अजून त्यांच्याकडे नेलेले नाही.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक