मुलाच्या खिशातली पुडी येते कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवी-नववीतील मुलाच्या खिशात सुपारी-तंबाखूच्या माव्याची पुडी सापडली की पालकांना शाळेत बोलावले जाते, मुलाला चार शब्द सुनावले जातात आणि प्रकरण तिथेच मिटते. ती पुडी त्याच्या हाती कोणत्या वाटेने आली, हे मात्र कुणी विचारत नाही. एक शिक्षक म्हणून मला हे फार अस्वस्थ करते.

शाळा सुटताना कोपऱ्यावरच्या पानटपरीशी थोडा वेळ थांबले तरी ती वाट दिसते. टपरीवाला सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून चोळतो, रबर लावून पुडी पुढे करतो आणि समोर गणवेशातला मुलगा आहे म्हणून त्याचा हात थांबत नाही, कारण पुष्कळदा ती पुडी खरोखरच वडिलांनी मागवलेली असते. रोज पुडी आणणाऱ्या मुलाने एके दिवशी ती उघडून पाहिली तर दोष एकट्या त्याचा कसा? पुढे सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते, ते मात्र त्यालाच सोसावे लागते.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती कुणालाही विकता येत नाही. पण या नियमभंगाला दंड आहे जास्तीत जास्त २०० रुपये. मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सुनावण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात आहे. महापालिका आणि पोलिसांनी हे अंतर एकदा टेप लावून मोजावे आणि शाळेजवळ पुन्हा पुन्हा विक्री करणाऱ्यांवर या दुसऱ्या कायद्याखाली गुन्हे नोंदवावेत.

कोल्हापुरात घर आणि शाळा यांच्याइतकीच मुलाला घडवणारी जागा म्हणजे तालीम आणि तरुण मंडळ. एकटा असताना सावध वागणारा मुलगा याच वयात मित्रांच्या देखत नको तो धोका पत्करतो. मग तो मावा असो की मोपेडवर तिघांनी बसून मारलेला फेरफटका. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ उतरला की लहान मुले खेळाडूंची चालण्या-बोलण्याची ढब उचलतात, आणि सामन्यानंतर कट्ट्यावर थोरल्यांच्या तोंडात जे दिसते तेही उचलतात. शाळेतल्या व्याख्यानाला ही ताकद नाही. शिवाय जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, तेव्हा आमचे वर्ग सुट्टीमुळे रिकामे असतात.

म्हणून माझी विनंती तालमींच्या वस्तादांना आणि मंडळांच्या अध्यक्षांना आहे. तालमीच्या आवारात आणि कट्ट्यावर तंबाखू, मावा, सिगारेट चालणार नाही, असा ठराव त्यांनी फुटबॉल हंगामापूर्वी करावा आणि तो आधी संघातल्या थोरल्या खेळाडूंना लागू करावा.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर