औंधहून सुमीला

औंध, जि. सातारा
१२ जानेवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. लेक ह्यूस्टनच्या कंटेम्पररी आर्ट्स म्युझियमच्या टीन कौन्सिलमध्ये निवडली गेली, ते पान मी दोनदा वाचलं. तिला माझा आशीर्वाद सांग. त्या म्युझियमचा स्वतःचा कायमचा संग्रह नाही, तरी १९९९ पासून तिथं मुलं एकत्र बसून ठरवतात की आपल्या वयाच्या कुणाकुणाची कला प्रदर्शनात मांडायची. वर कामाचे पैसेही मिळतात! आमच्याकडं नेमकं उलटं. यमाईच्या डोंगरावरच्या आपल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे. आणि सहलीला आलेल्या पोरांना काम एकच: रांगेत चाला, हात लावू नका.

मीही इतकी वर्षं हेच करत आले. यंदा मात्र तिथल्या मंडळींना विचारून नववीच्या सहाजणांना म्हटलं, सहावीच्या वर्गाला तुम्ही फिरवायचं. पण हौसेनं मीच सगळ्यांची भाषणं लिहून दिली आणि पाठ करून घेतली. चुकलं ते तिथंच. पोरं घडाघडा म्हणत होती, सनावळ्या बरोबर होत्या, आणि सहावीतली मुलं खिडकीबाहेरची माकडं बघत होती. माझी एक मुलगी मधेच अडली आणि रडवेली झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या खेपेला मी कागद दिलाच नाही. ज्यानं त्यानं आपलं चित्र निवडायचं, त्याच्यासमोर पंधरा मिनिटं गप्प बसायचं, आणि मग काय सांगायचं ते स्वतः ठरवायचं. अडलेल्या मुलीनं 'सैरंध्री' घेतली. लहानांना तिनं सांगितलं, ही द्रौपदी आहे, विराटाच्या घरी दासी होऊन राहिलीय. राणी सुदेष्णा तिला मद्य आणायला कीचकाकडं पाठवते. "तिला जायचं नाहीये, तरी पाठवलंय," एवढं बोलून ती थांबली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी असं पाठवतं का?" सगळी चिडीचूप. थोड्या वेळानं एक चिमुरडी म्हणाली, "रात्री मोटर बंद करायला मळ्यात मलाच पाठवत्यात." सुमे, हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत सुचला नव्हता! त्या चिमुरडीच्या आईशी मी नंतर बोलले, ते सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन.

आता वाटतं, हे औंधात व्हायला नको तर कुठं व्हावं? बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते, स्वतः चित्रं काढायचे. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं आणि १९३९ मध्ये राज्यकारभारच गावपंचायतींच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला त्यामागं होता. साध्या गावकऱ्यांवर त्यांनी गावाचा कारभार सोपवला; आणि मला पंधरा वर्षांच्या पोरीवर एका चित्राचा भरवसा टाकता येईना.

पुढचा विचार असा की या सहाजणांनी स्वतःच नवे सहाजण निवडावेत, आणि वर्षातून एकदा एक छोटं प्रदर्शन शाळेतच मांडावं. चित्रं कुणाची, ओळी कुणी लिहायच्या, सगळं त्यांनीच ठरवावं. मुख्याध्यापकांना पटतंय, पण बिघडलं तर जबाबदार कोण, असं ते विचारतात. त्यांचीही काळजी खोटी नाही.

म्हणून तुझ्या लेकीला दोन गोष्टी विचार. मुलांनी निवडलेलं एखादं काम मोठ्यांना पसंत पडलं नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा? आणि जी मुलं मुलाखतीत बुजतात, त्यांना ते घेतात का, कसं घेतात? उत्तर तिनंच लिहावं, मोडक्यातोडक्या मराठीत चालेल. माझ्या पोरांना ते वर्गात वाचून दाखवायचंय. ती वाट बघतायत.

काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझीच,
मंदा