नाणे की राउंड, हे परत घेण्याच्या भावावर ठरते

महोदय,

सरकारी टांकसाळीचे चांदीचे नाणे घेतले की फसवणुकीची भीती उरत नाही, असा आपल्या अंकातील चांदीवरच्या लेखाचा एकूण सूर होता. मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, आणि नाणी जमवण्याचा नादही जुनाच. भीती चांगलीच उरते! बनावट माल करणाऱ्याची नजर आधी अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’वर नाहीतर कॅनडाच्या ‘मेपल लीफ’वर जाते. ओळखीचा शिक्का खपायला सोपा.

तरीही मी बहुतेकांना ‘राउंड’ऐवजी, म्हणजे खासगी कारखान्याच्या नाण्यासारख्या चांदीच्या चकतीऐवजी, नाणेच घ्यायला सांगेन, पण ते त्याची मापे जाहीर असतात म्हणून. ईगल 1986 पासून निघतो. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.103 ग्रॅम, व्यास 40.6 मिलिमीटर, जाडी 2.98. तांब्याच्या चकतीवर मुलामा चढवून हेच वजन आणि हाच व्यास साधायला गेले, तर जाडी साडेतीन मिलिमीटरपर्यंत जाते. चांदीची घनता 10.49, तांब्याची 8.96, हा फरक लपवणार कुठे? व्हर्निअर कॅलिपर लावा, दिसतो. जाडी जुळवली, तर वजन कमी भरते. (चुंबक चिकटला नाही म्हणून हुरळून जाऊ नये. तो तांब्याला आणि शिशालाही चिकटत नाही.)

एक अपवाद. ब्रिटनच्या ‘ब्रिटानिया’त 2012 पर्यंत 95.8 टक्के चांदी असे, त्यामुळे औंसभर शुद्ध चांदी पुरवायला ते जुने नाणे 32.45 ग्रॅम भरते. 2013 पासून ते 999 कसाचे, म्हणजे 99.9 टक्के चांदीचे झाले. जुने नाणे जड लागले म्हणून कुणी त्याला खोटे ठरवू नये.

खासगी कारखान्यांचे ‘राउंड’ही औंसभर चांदीचेच असतात. त्यांच्यावर दर्शनी मूल्य, म्हणजे चलन म्हणून छापलेली किंमत, नसते, आणि मापांची नोंद मिळेलच असे नाही. तिथे पाणी कामी येते. दोन दशांश स्थळे दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि राउंड बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा धरा. तळाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो: औंसभर चांदी असेल तर तो 2.97 ग्रॅमच्या आसपास थांबतो. तेवढेच तांबे असेल तर 3.47 दाखवतो. तांब्यात शिसे मिसळून घनता जुळवता येते, म्हणून मोठी खरेदी असेल तर धातू तपासण्याच्या यंत्रावर तपासून घ्यावे.

एवढे करायची तयारी असेल तर राउंड मुळीच वाईट नाही. चांदीच्या भावावर त्याला सहसा कमी प्रीमियम, म्हणजे वरची रक्कम, पडतो, आणि तेवढ्याच पैशांत चांदी जास्त येते. अडते ते विकताना. ईगल पाहताच ओळखला जातो. अनोळखी राउंड हातात घेतला की समोरचा तपासणी मागतो, नाहीतर भाव पाडतो. ब्रिटनच्या रहिवाशांसाठी आणखी एक गोष्ट आहे: ब्रिटानिया तिथले कायदेशीर चलन असल्याने विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. राउंडला ही सवलत नाही. एरवी ईगलवर छापलेल्या एक डॉलर दर्शनी मूल्याला चांदीचा भाव पाहता काही अर्थ नसतो.

रंगीत, मर्यादित आवृत्तीची, पेटीतली ‘प्रूफ’ (संग्राहकांसाठी खास चकाकीत पाडलेली) नाणी मात्र गुंतवणूक म्हणून खपवू नयेत. तिथे नाकापेक्षा मोती जड होतो. संग्रहासाठी हौसेने घ्यावीत; माझ्याकडेही आहेत.

लेखात सोबत दिलेला तक्ता फक्त खरेदीच्या भावांचा होता. पुढच्या वेळी त्याच विक्रेत्याचा परत घेण्याचा भाव, नाण्याचा आणि राउंडचा, शेजारच्या रकान्यात छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका