चाळीस मुलांच्या वर्गात पॅनलला हात कोण लावणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांना इंटरॅक्टिव्ह पॅनल (हात लावून चालवायची फळ्यासारखी मोठी स्क्रीन) मिळाल्याचे फोटो तुमच्या पेपरात हल्ली सारखे येतात, फीत कापणारे साहेब, शेजारी सरपंच, मागे हेडमास्तर आणि कोपऱ्यात गुलाबाचं फूल घेऊन उभी केलेली चार पोरं. चांगलंच आहे, आम्हालाही हवंच होतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका जि.प. शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते, पॅनल आमच्याकडेही आलंय, थोडा कंपन्यांच्या समाजकार्याचा (सीएसआरचा) पैसा आणि थोडी गावची लोकवर्गणी. पण फोटो काढून झाल्यावर पुढे काय होतं ते कुणी छापत नाही म्हणून लिहितेय.

बऱ्याच ठिकाणी त्याचा मोठा टीव्ही होतो. कवितेचा व्हिडिओ लावायचा, मुलं चालीत म्हणतात, तास संपतो. यात शिक्षकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण प्रशिक्षण म्हणजे काय तर कंपनीचा मुलगा येतो, पेनाचा रंग कसा बदलायचा, पान कसं सेव्ह करायचं हे तासभर दाखवतो, कागदावर सह्या घेतो आणि निघतो. अपूर्णांक शिकवताना या एवढ्या काचेचा काय उपयोग करायचा हे त्याला कुठून माहीत असणार, ते त्याचं कामच नाही.

दुसरं म्हणजे, चाळीसच्या वर्गात पॅनलला एका वेळी एखाद-दुसरंच पोरगं हात लावणार, बाकीची "मॅडम मी, मॅडम मी" करत बसणार, आणि पुढे जातं ते बहुतेक वेळा तेच, ज्याला उत्तर आधीपासूनच येत असतं.

मला खरा उपयोग झाला तो एका साध्या फुकटच्या अ‍ॅपचा. प्लिकर्स. त्याची ४० कार्डं नेटवरून प्रिंट काढायची, प्रत्येक कार्डावर एक नंबर आणि एक काळी नक्षी, चार बाजूंना ए, बी, सी, डी अगदी बारीक अक्षरात. प्रश्न विचारला की मुलांनी आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, मी माझा मोबाईल वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट स्क्रीनवर येतं. मुलांकडे ना मोबाईल लागतो ना टॅब. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवायची सोय नाही. हजेरी नंबर तोच कार्ड नंबर ठेवला की गोंधळ होत नाही. (चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही, जाड कागद बरा.)

एक छेद तीन मोठा की एक छेद चार? हे शिकवून झाल्यावर "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽऽ" म्हणतो, हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. कार्डं वर झाली तेव्हा निम्म्याहून जास्त वर्गाने एक छेद चार धरलं होतं, चार मोठे म्हणून. त्यात एरवी कधीच तोंड न उघडणारी पोरं होती आणि दोन हुशार म्हणवणारीही होती. मग मी लगेच बरोबर उत्तर सांगत नाही, शेजाऱ्याला पटवून दे म्हणते, कागदाच्या घड्या घालून भांडू देते आणि पुन्हा कार्डं वर करायला लावते. ही काही माझी आयडिया नाही, हार्वर्डला एरिक माझूर नावाचे फिजिक्सचे प्रोफेसर १९९१ पासून असं शिकवत आलेत. तिथे हुशारातली हुशार मुलं येतात तरी लागतंच ना हे.

पॅनल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा कोपरा ओढून कसाही वेडावाकडा केला तरी तीन कोनांची बेरीज १८०च येते, हे खडूने दाखवता येत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे, स्क्रीनवर करायचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, फुकट, बरेचसे मराठीतही, डाउनलोड करून ठेवले तर नेट गेलं तरी चालतात. दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर उजेड वाढेल की कमी होईल, हे आधी कार्डांवर विचारायचं आणि मग पॅनलवर बटण दाबायचं. वर्गात जो गलका होतो तो कुठल्याच व्हिडिओने होत नाही.

मग हे सगळीकडे का होत नाही? वेळ नाही. ज्याला मोबाईल बरा हाताळता येतो त्याला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणतात आणि मग अख्ख्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांची, यूडायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहाराच्या नोंदी, आणखी कसली तरी लिंक 'आजच्या आज भरा' म्हणून त्याच्याच गळ्यात पडते. म्हणजे वर्गात तंत्रज्ञान वापरेल असा जो माणूस, तोच वर्गाबाहेर बसून माहिती भरतोय! कौतुक तर एवढं की विचारू नका.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यांनी आधी स्वतःच्या वर्गातल्या पुस्तकांना क्यूआर कोड लावले, राज्याच्या पुस्तकांत ते नंतर आले. शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याला संदीप गुंड सरांनी डिजिटल शाळा उभी केली तीही गावाला सोबत घेऊन. आधी शिक्षकाला अडचण दिसली, वस्तू मागून आली. आता उलटं चाललंय, वस्तू आधी येते आणि शिक्षकाने तिच्यासाठी अडचण शोधायची. पेरू देशात १० लाखांवर लॅपटॉप वाटले पण शिकवण्यात बसवले नाहीत, आणि मुलांचं शिकणं सुधारलं नाही, हे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातच आहे.

माझी मागणी छोटी आहे. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते, त्यात भाषणं कमी करा आणि एका शिक्षकाला खऱ्या मुलांसमोर एक खरा तास घेऊ द्या, बाकी आम्ही मागे बसून बघतो, मग चहाबरोबर चर्चा करतो, काय जमलं आणि काय फसलं. याला पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो वीजबिलाला. १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला फार तर २५ हजार मिळतात, त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती आणि बिल, आणि बिल थकलं की कनेक्शन तोडतात. पुढच्या वेळी फीत कापायला साहेब आले की तुमच्या वार्ताहराने तेवढं विचारावं, याचं बिल कोण भरणार आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीला माणूस कुठून येणार.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा