लेसिकनंतर उशिरा होणारा संसर्ग

महोदय,
चष्मा घालवण्यासाठी लेसिक ही डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या तरुणांना ‘मायकोबॅक्टेरियम चेलोनी’ची कल्पना क्वचितच दिली जाते. क्षयाच्या जंतूच्या कुळातला हा जिवाणू नळाच्या पाण्यातही आढळतो. संसर्ग विरळा, पण झालाच तर बहुधा काही आठवड्यांनी पारपटलाच्या (बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या) शस्त्रक्रियेत उचललेल्या पापुद्र्याखाली पांढरा ठिपका दिसू लागतो. तोवर रुग्ण निर्धास्त झालेला असतो. नेहमीची अनेक प्रतिजैविके या जिवाणूवर चालत नाहीत. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली दबते, आजार आत वाढत राहतो. आणि आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच थेंब पुन्हा आणले जातात, हे फार धोक्याचे आहे. ‘महिन्याभरानंतर डोळा लाल झाला तरी लगेच दाखवा’ ही सूचना घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत ठळक छापणे आरोग्य खात्याने बंधनकारक करावे.

– एक वाचक, पुणे