सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घर आणि शहर दोन्ही मोकळे असावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की वडोदऱ्यातील मराठी घरांत एकच विषय निघतो : अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कोणत्या शाळेच्या शिशुवर्गात घालायचे. या वयाच्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक आता आपल्या शहरातही आहेत. परंतु त्यांच्याकडे एकतर हौशी म्हणून किंवा मुलाचे नुकसान करणारे म्हणून पाहिले जाते. मी स्वतः अशा पालकांपैकी एक आहे. आम्ही काय करतो, कायदा याविषयी काय म्हणतो आणि शहरातील सार्वजनिक संस्थांनी आम्हाला कोणते साहाय्य करावे, हे आपल्या पत्राद्वारे मांडण्याची परवानगी असावी.

प्रथम कायद्याविषयी, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. या वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्या कायद्याच्या दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. सहा वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत पालकांवर असे कोणतेही बंधन नाही. गुजरात सरकारने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असण्याची अट घातली, तेव्हा अनेक पालक एक वर्ष वाया गेले म्हणून हळहळले. मला मात्र ते वर्ष मुलांना परत मिळाल्यासारखे वाटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ हा वयोगट एक सलग पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ, कृती आणि शोध यांतून शिकण्यावर भर दिला आहे. आम्ही सहाव्या वर्षानंतर मुलांना शाळेत घालणार आहोत, त्यामुळे पुढील वर्गांचा वाद मी येथे काढत नाही.

ज्या शहरात आपण राहतो, त्याच्या इतिहासातही या विचाराला आधार आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केला. शिक्षणासाठी एवढा आग्रही असलेला राज्यकर्ता, पण त्याची सक्तीदेखील सातव्या वर्षापासून सुरू होत होती. बालशिक्षणाचे दुसरे मोठे काम भावनगरला झाले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काही वर्षे काम केले. पुढे १९४५ मध्ये (आजच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीला गेल्यावर ताराबाईंनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यातील मुलांना परवडणार नाही हे ओळखून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे असे आसपास मिळणारे साहित्य वापरले, आणि जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्या अंगणातच शाळा नेली. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकालाही हा मार्ग खुला आहे, कारण त्यासाठी पैसे लागत नाहीत. वेळ आणि लक्ष मात्र भरपूर लागते.

आमच्या घरी सकाळचा बराचसा वेळ स्वयंपाकघरात जातो. मूग आणि मटकी एकत्र केलेल्या ताटातून दोन्ही वेगळे करणे, तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, मटार सोलून एका शेंगेत किती दाणे निघाले ते सांगणे, कणीक मळून तिचे सारखे गोळे करणे ही कामे पाच वर्षांचे मूल मन लावून करते आणि तीन वर्षांचे मूल त्याचे पाहून शिकते. या वयात मनगटाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात आणि बोटांचे बारीक स्नायू अजून तयार होत असतात. म्हणून पेन्सिल धरून ओळीत अक्षरे गिरवण्याआधी मळणे, पिळणे, ओवणे, चिमटीत धरणे यांची भरपूर सवय व्हावी लागते. शिशुवर्गातील मुलांना दिला जाणारा लेखनाचा गृहपाठ पाहून मला खरोखर वाईट वाटते. ज्या हाताने अजून नीट शर्टाची बटणे लागत नाहीत, त्या हाताकडून आपण पानभर अक्षरे मागतो.

गणिताचेही तसेच आहे. दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी हे प्रमाण मुलाला अंकाआधी वाटीतून कळते. ठिपक्यांची रांगोळी काढताना ओळीतले ठिपके मोजणे आणि डावीकडे जे काढले तेच उजवीकडे काढणे हा भूमितीचा उत्तम पाठ आहे. दिवाळीत किल्ला करण्याची आपली पद्धत तर मला बालशिक्षणाचा संपूर्ण अभ्यासक्रमच वाटते. माती किती भिजवली तर ती उभी राहते, कडा तुटू नये म्हणून उतार कसा द्यावा, पायऱ्या वरच्या बाजूला लहान का कराव्यात, मोहरी पेरल्यावर किती दिवसांत हिरवळ दिसते, हे सगळे मूल स्वतः करून पाहते आणि चुकले की मोडून पुन्हा करते. उत्तरायणाच्या आधीच्या दिवसांत मांजा जोडण्यासाठी पतंगाला किन्ना बांधताना गाठ जराशी सरकली तर पतंग एका बाजूला का झुकतो, हे समजावून सांगावे लागत नाही, गच्चीवर ते दिसतेच.

घराबाहेर पडल्यावर वडोदऱ्यासारखे शहर मिळणे हे मुलांचे भाग्य आहे. कमाटीबाग १८७९ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि त्यातील संग्रहालय १८९४ पासून आहे. आपण पाहुण्यांना ते अर्ध्या तासात दाखवून बाहेर पडतो. लहान मुलाबरोबर जायचे असेल तर एका वेळी एकच वस्तू पाहायला जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. तेथील देवमाशाचा सांगाडा ७० फुटांच्या आसपास लांब आहे, पण मुलाला त्या आकड्याचा काही बोध होत नाही. सांगाड्याच्या कडेने पावले मोजत चालल्यावर आणि घरी आल्यावर सोसायटीच्या आवारात तेवढीच पावले टाकून सुतळी अंथरल्यावर मात्र तो किती मोठा, हे त्याच्या शरीराला कळते. मग प्रश्न सुरू होतात : एवढा मोठा मासा काय खात असेल, तो मासाच आहे का, त्याच्या पोटात पिल्लू कसे राहते. त्या प्रश्नांवर आमचे पुढचे कित्येक दिवस जातात.

विश्वामित्रीच्या मगरी हा असाच दुसरा विषय. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात, असे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. हिवाळ्यात त्या काठावर उन्हात पडलेल्या असतात आणि पुलावरून सुरक्षित अंतर राखून दिसू शकतात. मगर तोंड उघडे ठेवून पडलेली असते ती रागाने नव्हे, तर अंगातील उष्णता कमी करण्यासाठी, हे ऐकल्यापासून मुलांच्या मनातील भीतीची जागा कुतूहलाने घेतली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये आल्या होत्या, तेव्हा मोठ्यांना केवळ धास्ती वाटली. मुलांशी मात्र नदीला तिची जागा का लागते, यावर पुष्कळ बोलता येते. सुटीच्या दिवशी थोडे लांब जायचे तर डभोईजवळचा वढवाणा तलाव आहे, ज्याला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि जेथे थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. संखेड्याला खरादावर फिरणाऱ्या लाकडावर लाख चढताना पाहता येते. पावागडही आहेच, पण तेथे लहान मुले लवकर दमतात.

या पद्धतीवर घेतला जाणारा सर्वांत रास्त आक्षेप म्हणजे हा सारा भार आईवर पडतो. तो आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आई-वडील दोघेही नोकरी करत असतील आणि घरात आजी-आजोबा नसतील, तर बालवाडी किंवा अंगणवाडी हीच योग्य जागा आहे, आणि तेथे चांगले काम करणाऱ्या शिक्षिकांविषयी मला आदर आहे. आमच्या घरी सासूबाई गोष्टी आणि बडबडगीते सांभाळतात, त्यामुळे मुलांची मराठीही टिकली आहे. पुढे शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची आणि मैदानावरची भाषा गुजराती असणार, तेव्हा ही पहिली वर्षे मराठीसाठी किती महत्त्वाची आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दुसरा आक्षेप सोबतीचा. त्यासाठी आम्ही काही कुटुंबे आळीपाळीने एकमेकांकडे जमतो. मुले भांडतात, रुसतात आणि पुन्हा एकत्र खेळतात. यात गुजराती आणि मराठी दोन्ही घरे आहेत.

आता विनंती. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय १९१० मध्ये सुरू झाले. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवणाऱ्या ग्रंथालय-चळवळीचे ते केंद्र होते आणि तेथे त्या काळातच मुलांसाठी खेळांच्या साहित्यासह स्वतंत्र दालन होते. शंभर वर्षांपूर्वी जे सुचले आणि साधले, ते आज नव्या रूपात करता येईल. आठवड्यातून एका सकाळी, शाळांच्या सहली नसतील अशा वेळी, ग्रंथालयाने आणि संग्रहालयाने सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी पालकांसह एक तास राखून ठेवावा. ग्रंथालयात जमिनीवर बसून चित्रांची पुस्तके हाताळता यावीत आणि त्यात मराठी पुस्तकेही असावीत. संग्रहालयात काचेमागच्या मूळ वस्तूंना हात लावू देता येणार नाही हे उघड आहे, परंतु शंख, दगड, हाडे, विणलेले कापड, मातीची भांडी अशा साध्या वस्तूंची एक पेटी मुलांसाठी ठेवणे अवघड नाही. त्या तासाला मदत करण्यास आमच्यासारखे पालक विनामूल्य येतील.

शाळांनाही एक विनंती आहे. घरी शिकलेले मूल पहिलीला आले की त्याची परीक्षा घेण्याची किंवा आधीच्या वर्गांचे दाखले मागण्याची प्रवृत्ती दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. शाळांनी हे लक्षात ठेवावे आणि पालकांनीही ते नम्रपणे, पण स्पष्टपणे दाखवून द्यावे. आपल्या पत्रातून या दोन्ही विनंत्या संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात आणि शहरात अन्यत्र असे प्रयत्न करणाऱ्या कुटुंबांनी आपले अनुभव लिहावेत, अशी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक पालक-वाचक
दांडिया बाजार, वडोदरा