क्रीडामंत्री, आमच्या हॉलची किल्ली कोणाकडे आहे?

मा. क्रीडामंत्री यांस,
स. न. वि. वि.

काल संध्याकाळी मुलं ज्युदोच्या सरावाला आली, तेव्हा सरकारी हॉलला कुलूप होतं आणि आमच्या मॅट बाहेर पावसात फेकलेल्या होत्या. ना नोटीस, ना फोन. हॉल आता कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा आहे, एवढंच पहारेकऱ्याने सांगितलं. ‘रोज संध्याकाळी हा हॉल क्लबचाच’ हे आपलं भर सभेतलं आश्वासन. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

त्या मॅट मी गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलून, त्या पैशांत घेतल्या होत्या. आता फोममध्ये पाणी शिरलं आहे. आवरण सुटलं की मॅट सरकते, फट पडते, फटीत पायाचं बोट अडकून मोडतं. ज्युदोत मूल आधी पडायलाच शिकतं: हनुवटी छातीशी, हात जमिनीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. हे मी उघड्या फरशीवर शिकवू का?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात अवघ्या १२ चटयांवर, मोजक्या शिष्यांसह ज्युदोची सुरुवात केली. ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला १९६४ साली. मध्ये ८२ वर्षं गेली, साहेब! आपल्या खात्याला मात्र वर्षाच्या आत पदक हवं असतं. अर्जात पहिला रकाना पदकांचाच. भेदरलेली मुलगी वर्षभराने मान वर करून चालू लागते, तिची नोंद कुठे करायची?

क्लबची शाळा व्हायची तर दुसरी फळी लागते. काही वर्षं टिकलेली मुलं नवख्यांना पट्टा बांधायला शिकवतात, आपल्यापेक्षा हलक्या जोडीदाराला जपून खाली आणतात. त्यांच्यातूनच पुढचे प्रशिक्षक घडतात. जागा हलली की आधी हीच मुलं तुटतात. अशी एक फळी मी गमावली आहे. दुसरी उभी करायला आता माझ्यात बळ उरलेलं नाही.

आणि शेजारी कोणीही काळ्या पट्ट्याची पाटी लावतो, पैसे घेऊन वर्षात पट्टा वाटतो. त्याला प्रथमोपचार येतात का, मानेला मार लागलेल्या मुलाला हलवायचं नसतं हे ठाऊक आहे का, कोणी तपासत नाही. संघटना मान्यतेवरून आपसात भांडतात आणि तुमचे अधिकारी आम्हालाच विचारतात, ‘तुम्ही कुठल्या गटाचे?’ मुलं कुठल्या गटाची असतात हो? जिंकलेल्या खेळाडूशेजारी फोटोला सगळी व्यवस्था उभी राहते; घडवताना लागणारी चार भिंतींची जागा तिला जड होते.

संध्याकाळचे दोन तास लेखी द्या. मॅट ठेवायला एक कोरडी खोली द्या. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करा, माझ्यापासून सुरुवात करा. सोमवारी आम्ही पुन्हा त्याच दाराशी येणार आहोत. किल्ली कोणाकडे मागायची, ते त्याआधी कळवा.

आपला,
एक ज्युदो प्रशिक्षक